करड्या पडद्यावरची घरं

रेचल रॉबर्ट्सकडे आमचं खरं लक्ष गेलं ते आत्ता, सत्तरी उलटल्यावर. ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ आम्ही तरुणपणी टीव्हीवर पाहिला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, अल्बर्ट फिनी. नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथपाशी उभा राहून दिवसाला हजार नग काढणारा, मुकादमाला न जुमानणारा, शनिवारी रात्री कमाई उधळणारा आर्थर सीटन. आमचे नवरे त्याच्यावर खूश होते, आम्हीही होतो. गेल्या हिवाळ्यात तोच चित्रपट पुन्हा लावला आणि थोड्याच वेळात खोलीतल्या बायकांची नजर आर्थरवरून ब्रेंडाकडे वळली. नवरा घरी नसताना ती आर्थरला ठेवून घेते, सकाळी त्याला नाश्ता करून घालते, नवरा यायच्या आत त्याला वाटेला लावते. त्या सगळ्या गडबडीत तिचे हात जे काम करतात ते रोजचंच आहे आणि चेहरा मात्र क्षणाक्षणाला हिशोब मांडतो आहे. ब्रेंडा झाली होती रेचल रॉबर्ट्स.

आम्ही म्हणजे १९७० च्या आगेमागे महाराष्ट्रातून इंग्लंडच्या उत्तरेकडे आलेली घरं. बहुतेकींचे नवरे डॉक्टर, सरकारी आरोग्य सेवेत. मोठ्या शहरांतल्या मानाच्या जागांवर आपल्या माणसांची वर्णी क्वचितच लागायची. म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, खाणगावांतले दवाखाने अशा ठिकाणी इथल्या डॉक्टरांना जायचं नसे, तिथे आमच्या लोकांना लगेच रुजू करून घेत. कुणी बार्न्सलीजवळ स्थिरावलं, कुणी ब्रॅडफर्डला, कुणी वेकफील्डला, एक घर डोंगरापलीकडे बोल्टनला. पुढे चित्रपट पाहता पाहता ध्यानात आलं की ही सगळी त्या पडद्यावरचीच गावं. ‘केस’ बार्न्सलीचा, ‘बिली लायर’ ब्रॅडफर्डचा, ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’मधलं रग्बीचं मैदान वेकफील्डचं, ‘स्प्रिंग अँड पोर्ट वाइन’ बोल्टनचा. आता मुलं पांगली आहेत, नवरे निवृत्त झाले आहेत, काही राहिले नाहीत. थंडीच्या दिवसांत आळीपाळीने एकेकीकडे जमायचं, पोहे-चहा करायचा आणि यातला एक चित्रपट लावायचा, असा नेम पडला आहे. आता पडद्याखाली संवाद लिहून येतात. पूर्वी ते नव्हतं, आणि यॉर्कशरची बोली आमच्या मिशनरी शाळेतल्या इंग्रजीला अजिबात दाद देत नसे.

या चित्रपटांबद्दल लिहिणारे बहुधा दिग्दर्शकांपासून सुरुवात करतात. आम्हांला त्यांतली घरं आधी ओळखू येतात. एकमेकींना भिंती लावून उभी असलेली विटांची घरांची रांग, दारातून पाऊल बाहेर टाकलं की थेट फुटपाथ, मागे फरसबंद अंगण, त्याच्या टोकाला कोळशाची कोठी आणि संडास. घरात न्हाणीघर नसलं की जस्ताचा टब शेगडीपुढे आणायचा. गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकायचं, नाणं संपलं की कढत असलेलं तसंच राहायचं. सोमवार हा कपडे धुण्याचा वार. आमच्या गल्लीत खाणीकडून कामगारांना मिळणारा कोळसा लॉरीने येऊन दारापुढे ओतला जाई, आणि तो अंधार पडायच्या आत फावड्याने आत घेणं हे घरातल्या बायकापोरांचं काम. माझ्या शेजारणीचा नवरा खाणीत होता. शेगडीत आधी कागदाचे बोळे, मग लाकडाच्या चिपा, मग कोळसा, आणि तोंडाशी वर्तमानपत्र धरून हवा कशी ओढून घ्यायची, हे तिने मला शिकवलं. १९७२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत खाणकामगारांचा संप झाला आणि ठरल्या वेळी वीज जाऊ लागली. भारनियमनाचं आम्हांला नवल नव्हतं. तिला मात्र माझ्याकडच्या कंदिलाचं फार कौतुक वाटलं. दोन वर्षांनी आठवड्याचे तीनच दिवस कारखान्यांना वीज, असे दिवस आले, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच चिंता होती.

म्हणून ब्रेंडा किंवा मिसेस हॅमंड पडद्यावर उभी राहिली की ती आम्हांला परकी वाटत नाही. मिसेस हॅमंड ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’मधली. १९६३ चा चित्रपट, दिग्दर्शक लिंडसे अँडरसन, कादंबरी डेव्हिड स्टोरी यांची. फ्रँक मेचिन हा रग्बीचा खेळाडू एका विधवेच्या घरी खोली भाड्याने घेऊन राहतो. तिचा नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला. तो अपघात होता की त्याने जीव दिला, ही कुजबूज गावात आहे. त्याचे बूट तिने शेगडीजवळ ठेवलेले आहेत आणि ती ते पुसते, चकचकीत करते. फ्रँकला वाटतं, पैसे आणले, मोटार आणली, मुलांना खेळणी आणली की या बाईचं मन उघडेल. ती उघडत नाही. रिचर्ड हॅरिसने फ्रँकचा तो रांगडा हट्ट जीव तोडून केला आहे, पण चित्रपट तोलून धरते ती रॉबर्ट्सच. एकटी बाई, पदरी दोन मुलं, घरात परका तरुण पुरुष. गल्ली काय बोलते ते तिला भिंतीपलीकडून ऐकू येतं आहे. तो तिला फरचा कोट घेऊन देतो आणि त्या कोटातली ती पाहताना आमच्यातली एकजण उठून आत गेली. ती स्वतः लहान वयात विधवा झाली आणि त्यानंतर तीस वर्षं याच देशात एकटीने राहिली. चित्रपटावर ती पुढे काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही.

ब्रेंडा आणि मिसेस हॅमंड, दोन्ही भूमिकांसाठी रॉबर्ट्सला ब्रिटिश अकादमीचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मूळची ती वेल्समधली. दोन्ही चित्रपट ‘संतप्त तरुण’ म्हणून गाजलेल्या नायकांचे, आणि दोन्हींत त्या तरुणाच्या संतापाची किंमत मोजते ती हीच बाई. ब्रेंडाला दिवस राहतात तेव्हा आर्थर तिला आपल्या नात्यातल्या एका बाईकडे नेतो. गरम पाण्याचा टब आणि जिन, एवढाच तिथला उपाय. तो लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये गर्भपाताचा कायदा झाला १९६७ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर सात वर्षांनी. ब्रेंडा शेवटी मूल वाढवायचं ठरवते, नवऱ्यापुढे काय व्हायचं ते होऊ दे म्हणते, आणि चित्रपट तिला तिथेच सोडून आर्थरच्या लग्नाच्या बोलण्यांकडे जातो. शेवटी नव्या वसाहतीच्या दिशेने आर्थर दगड भिरकावतो, त्यावर खूप लिहिलं गेलं. ब्रेंडाच्या घरात त्यानंतर काय झालं असेल, हा आमचा प्रश्न आहे, आणि दिग्दर्शकाने तो प्रश्न आमच्यासाठी शिल्लक ठेवला यात मला त्याचा मोठेपणाच दिसतो. त्याने तिचा चेहरा इतका वेळ दाखवला नसता तर आम्हांला प्रश्नच पडला नसता.

हा दिग्दर्शक कारेल राइस. चेकोस्लोव्हाकियातून बारा वर्षांचा असताना, नाझींच्या तावडीतून सुटलेल्या मुलांबरोबर तो इंग्लंडला पोहोचला. आईवडील ऑशविट्झमध्ये गेले. ‘अ टेस्ट ऑफ हनी’चा छायाचित्रकार वॉल्टर लॅसली बर्लिनचा, तोही निर्वासित. लिंडसे अँडरसन तर आपल्या बंगळुरात जन्मलेला, १९२३ साली, सैनिकी अधिकाऱ्याच्या घरी. या मंडळींनी १९५६ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये ‘फ्री सिनेमा’ या नावाने आपले छोटे माहितीपट दाखवले आणि तिथून पुढे हे सगळं घडत गेलं. ज्याला सगळंच नवं आहे त्याला दुसऱ्याच्या घरातला टॉवेल कुठे टांगतात हेही दिसतं, असं आम्ही आमच्या अनुभवावरून म्हणू शकतो. कॅमेरा बाहेरून आलेल्यांचा आणि कथा आतल्यांच्या, असा तो योग जुळून आला. ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’चा लेखक ॲलन सिलिटो स्वतः नॉटिंगहॅमच्या रॅली कारखान्यात राबलेला. शेला डिलेनी सॅलफर्डची, बसवाहतुकीतल्या माणसाची मुलगी, एकोणिसाव्या वर्षी तिचं नाटक रंगभूमीवर आलं.

ते नाटक ‘अ टेस्ट ऑफ हनी’. टोनी रिचर्डसनने १९६१ मध्ये त्याचा चित्रपट केला. भाडं थकलं की रातोरात खोली बदलणारी आई हेलन आणि तिची शाळकरी मुलगी जो. जोला एका कृष्णवर्णी खलाशापासून दिवस जातात, तो बोटीवर निघून जातो, आणि तिची काळजी घेतो तो जेफ, समलिंगी तरुण. घर झाडतो, पडदे लावतो, बाळंतपणाची पुस्तकं आणतो. पुरुषांमधले असे संबंध तेव्हा कायद्याने गुन्हा होते, ते १९६७ पर्यंत. हा चित्रपट आम्ही नातवंडांबरोबर पाहिला. त्यांना जेफची लगेच माया लागली. आम्हांला मात्र हेलन सोडवत नाही. डोरा ब्रायनने ती अशी केली आहे की आई म्हणून तिचा राग येतो, आणि तरी ती आरशापुढे ओठ रंगवायला बसली की कळतं, चाळिशीतल्या बाईला आपला एक शेवटचा डाव खेळायचा आहे. जो झालेली रिटा टशिंगहॅम आणि जेफ झालेला मरे मेल्विन या दोघांना कानच्या महोत्सवात अभिनयाचे पुरस्कार मिळाले ते योग्यच होतं. ब्रायनचं नाव त्यांच्या इतकं घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं.

‘स्प्रिंग अँड पोर्ट वाइन’ हा त्या मानाने साधा, नाटकी चित्रपट. १९७० चा. जाणकार त्याला फारशी किंमत देत नाहीत. आमच्या मंडळींचा मात्र लाडका, कारण तो जेवणाच्या टेबलावर घडतो. शुक्रवारी पगार झाला की कमावती मुलं आईच्या हाती घरखर्चाचे पैसे ठेवतात आणि बाप, जेम्स मेसन, हिशोबाची वही तपासतो. आई वहीत शिताफीने आकडे जुळवते. शेजारणीला उसने दिलेले पैसे कुठेतरी जिरवायचे असतात. मग एके दिवशी मुलगी ताटातला हेरिंग मासा खायला नकार देते. बाप म्हणतो, दुसरं काही मिळणार नाही, खाईपर्यंत प्रत्येक जेवणाला हाच मासा पुढे येईल. एका माशावरून सगळं घर फाटायला येतं.

सातारला आमच्या घरी हेच कारल्याच्या भाजीवरून झालं होतं. ताटात टाकायचं नाही, हा वडिलांचा दंडक. दुपारची भाजी रात्री, रात्रीची सकाळी. आजी पदराआड लाडू आणून देई आणि आई पाठ फिरवून उभी राही, दिसलं नाही असं दाखवत. हे मी सांगितलं आणि प्रत्येकीकडून असाच एकेक प्रसंग निघाला. कोल्हापूरचा, अकोल्याचा, दादरच्या चाळीतला. गंमत नव्हती ती. बापाच्या कडकपणामागे त्याच्या लहानपणचं कर्ज आणि दारात उभे राहणारे देणेकरी होते, हे त्या चित्रपटात शेवटी कळतं. आमच्या वडिलांच्या मागे काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हांला ते त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांवरून कळलं.

अशा कथा घराघरांत पोहोचवण्यात टीव्हीचा वाटा मोठा होता, सिनेमागृहापेक्षाही मोठा. १६ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री बीबीसीवर ‘कॅथी कम होम’ दाखवलं गेलं आणि सुमारे एक कोटी वीस लाख लोकांनी ते पाहिलं. आम्ही तेव्हा भारतात होतो. पण माझी शेजारीण ती रात्र दहा वर्षांनंतरही कालची असल्यासारखी सांगत असे. कॅथी आणि रेज हे तरुण जोडपं. नवऱ्याला अपघात होतो, कमाई थांबते, चांगला फ्लॅट जातो, सासूकडे, मग पडक्या खोल्यांत, मग कॅराव्हॅनमध्ये, मग निर्वासितांसारख्या वसतिगृहात, जिथे नवऱ्यांना राहू देत नाहीत. शेवटी रेल्वे स्टेशनवर अधिकारी तिच्या हातातून मुलं काढून घेतात. केन लोच यांनी हे बातमीपटासारखं चित्रित केलं, खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या गर्दीत. शेजारणीने त्या रात्री उठून झोपलेल्या पोरांच्या अंगावरची पांघरुणं नीट केली होती. पंधरवड्याने ‘शेल्टर’ ही संस्था सुरू झाली. तिची तयारी आधीपासूनच चालली होती, पण कॅथीने लोकांची मनं नांगरून ठेवली होती. आज इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत. आमच्यातल्या एकीची सून नगरपालिकेच्या घरवाटप खात्यात काम करते. तिने हा चित्रपट पाहिला आणि म्हणाली, यातले अर्धे संवाद माझ्या टेबलापुढे रोज होतात.

आणि ‘केस’. १९६९ चा, लोच यांचाच, बॅरी हाइन्स यांच्या कादंबरीवरून. याच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही. बिली कॅस्पर आमच्या गल्लीत राहत होता असं मला अजूनही वाटतं. खाणीत जाणारा थोरला भाऊ जड आणि शाळकरी बिली एका बिछान्यात झोपतात. पहाटे भाऊ उठतो, थंडीत, रिकाम्या पोटी. बिली पेपर टाकायला जातो, वाटेत दुधाची बाटली उचलतो. मग ते ससाण्याच्या जातीचं पाखरू, केस्ट्रेल, त्याच्या आयुष्यात येतं. बिली झालेला डेव्हिड ब्रॅडली हा बार्न्सलीचाच शाळकरी मुलगा. पाखरांना शिकवण्याचं काम लेखकाच्या भावाने, रिचर्ड हाइन्सने केलं. ख्रिस मेंगेसचा कॅमेरा दुरून, गुपचूप पाहिल्यासारखा पाहतो. वर्गात फार्दिंग सर बिलीला उभं करतात आणि आयुष्यात पहिल्यांदा तो पोरगा न अडखळता बोलत सुटतो: पक्ष्याच्या पायात वादी कशी बांधायची, त्याला हातावर कसं बोलवायचं, पहिल्यांदा मोकळं सोडताना काय वाटतं. सगळा वर्ग गप्प. माझे यजमान हा प्रसंग कधीही बसून पाहत नाहीत, उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहतात.

त्यांच्या दवाखान्यात हीच मुलं पुढे बाप्ये होऊन येत. खाणीची धूळ फुप्फुसात बसलेली माणसं, पन्नाशीत जिना चढताना थांबणारी. नोकरी सुचवणारा अधिकारी बिलीपुढे फॉर्म ठेवतो तेव्हा बिलीला एवढंच ठाऊक असतं की खाणीत जायचं नाही. तो अधिकारी वाईट माणूस नाही. मुख्याध्यापकही स्वतःला वाईट समजत नाही. निरोप घेऊन आलेल्या लहानग्यालाही तो ऐकून न घेता छड्या मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. सरकारी शाळांतली छडी इंग्लंडमध्ये कायद्याने बंद झाली ती थेट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. आमची मुलं ज्या शाळेत गेली तिथेही ती होती, आणि ती खाऊन आलेल्या मुलाच्या हातावर मी लोणी लावलेलं आहे.

बिलीच्या आईला या चित्रपटात फार थोडी जागा आहे. लिन पेरी ही अभिनेत्री, पुढे ‘कोरोनेशन स्ट्रीट’मधली आयव्ही म्हणून घराघरात पोहोचली. शनिवारी नटूनथटून क्लबात जाणारी, बिलीकडे लक्ष नसलेली आई. जडने शर्यतीत लावायला दिलेले पैसे बिली लावत नाही, चिप्स आणि मासे खातो. घोडे जिंकतात आणि जड त्या पाखराची मान मुरगळतो. त्यानंतर बिली आईकडे धावतो आणि ती त्याला हवं तसं काही बोलू शकत नाही. तरुणपणी आम्हांला ती क्रूर वाटली होती. आता तिच्या घरातून नवरा निघून गेला आहे, दोन वाढते मुलगे आहेत आणि आठवड्यातली एक रात्र तिची स्वतःची आहे, हे आम्ही एकमेकींना सांगतो. लोच तिला दोष देत नाहीत, मात्र समजावूनही सांगत नाहीत, आणि माझ्या मते इथे चित्रपट थोडा कमी पडतो. बिलीला जेवढा वेळ दिला त्यातला पाच मिनिटांचा वेळ तिला द्यायला हवा होता.

दुसरी उणीव याहून मोठी. या सगळ्या गावांत आम्ही होतो, आणि पडद्यावर नाही. ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळीला पाकिस्तानी कामगार होते, बसवर पगडीवाले कंडक्टर होते, इस्पितळांत आमचे नवरे होते. रविवारी सकाळी बीबीसीवर ‘नई जिंदगी नया जीवन’ हा कार्यक्रम लागे तेव्हा आम्हांला आपल्यासारखे चेहरे दिसत, तेही हिंदी-उर्दूत. ‘अ टेस्ट ऑफ हनी’तला खलाशी बोटीबरोबर निघून जातो, जणू गोऱ्या गल्लीत आलेल्या परक्याने निघून जायचंच असतं. ती जागा पहिल्यांदा भरली ती त्रिनिदादहून आलेल्या होरेस ओव्हे यांच्या ‘प्रेशर’ने, १९७६ मध्ये. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णी दिग्दर्शकाचा तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचा नायक टोनी इंग्लंडमध्ये जन्मलेला, शाळेत हुशार, आणि नोकरीच्या मुलाखतीला गेला की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य येतं, मग गुळमुळीत नकार. ‘केस’मधली मुलाखत आणि ही, आम्ही लागोपाठ दोन आठवड्यांत पाहिल्या. माझा मुलगा त्या दिवशी लीड्सहून आलेला होता. ऐंशीच्या दशकात त्याने दिलेल्या मुलाखतींबद्दल तो त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आमच्याशी बोलला, बराच वेळ, आणि त्याच्या वडिलांनी मधे एकदाही त्याला थांबवलं नाही.

स्कॉटलंडच्या बिल डग्लसचे तीन छोटे चित्रपटही आम्ही या वर्षी पाहिले. एडिनबराजवळच्या न्यूक्रेगहॉल या खाणगावातलं त्याचं स्वतःचं बालपण, १९७२ ते १९७८ मध्ये पडद्यावर आणलेलं. पहिल्यात लहानगा जेमी कपात गरम पाणी ओततो, ते ओतून टाकतो आणि तो तापलेला कप आजीच्या गारठलेल्या हातांत देतो. संवाद जवळजवळ नाहीतच. हे चित्रपट गप्पा मारत पाहायचे नाहीत. आम्ही ते दिवसा, पडदे ओढून, एकेक करून पाहिले.

पुढच्या वेळी ‘द प्राइस ऑफ कोल’ लावायचं ठरलं आहे. १९७७ चं, बॅरी हाइन्स आणि केन लोच यांचंच, बीबीसीसाठी केलेलं, दोन भागांत. पहिल्या भागात राजघराण्याच्या भेटीसाठी खाणीवर रंगरंगोटी चालते, दुसऱ्यात त्याच खाणीत स्फोट होतो. दोन भाग दोन वेगळ्या रविवारी पाहू, असं काहींचं म्हणणं होतं. डॉक्टर मंडळींनी ते मोडून काढलं. दोन्ही एकाच बैठकीत बघायचे म्हणाले, आणि माझ्या शेजारणीच्या मुलीलाही बोलवा. तिचा बाप त्यांचा पेशंट होता. मी तिला फोन केला आहे. ती येते आहे, आईने जपून ठेवलेले खाणीच्या गावातले जुने फोटो घेऊन.